बोळ्याचे डोळे

३ मार्च

गुंड्या,

वर जे खोडलेलं दिसतंय तिथे 'प्रिय' होतं. सवयीने लिहिलं गेलं.

माझा नंबर तू तुझ्या फोनवर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र. पोस्टमन तरी अजून तुझं ऐकत नाही.

परवा दुपारी तुझा टेम्पोवाला दारात बुटांचं खोकं ठेवून गेला. "भाचीच्या वाढदिवसाची भेट," म्हणाला आणि मी काही विचारायच्या आत पायऱ्या उतरून गेलासुद्धा. त्याची घाई मला खोकं उचलल्यावर कळली. वास. सव्वा वर्षात तुझा एक शब्द नाही, आणि आला तो हा वास.

मला सहजासहजी घाण वाटत नाही, हे तुला माहीत आहे. सोळा वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत चादरी निवडते आहे. माणसं परक्याच्या चादरीवर काय काय करून जातात ते मी कुणाला सांगत नाही, जेवण जायचं नाही त्यांना. हातमोजे चढवायचे, उचलायचं, त्या त्या ढिगात टाकायचं. नाक मुरडणाऱ्या पोरी दोन दिवसांत पळतात, मी टिकले. पण त्या खोक्याचं झाकण काढलं आणि मला जिन्याचा कठडा धरून उभं राहावं लागलं.

खाली वर्तमानपत्र, ते मुताने भिजून कुत्र्याच्या पिल्लाच्या पोटाला चिकटलेलं. पिल्लू माझ्या मुठीएवढं. आणि डोळ्यांच्या जागी दोन पिवळ्या-हिरव्या खपल्या. डाव्या खपलीखाली पापणी फुगून वाटाण्याएवढी झालेली. टिंगीने विचारलं, "आई, याचे डोळे अजून उघडायचेत का?" मी म्हटलं, हो. तेवढ्यात त्याने खोक्याच्या कडेला तोंड घासलं, खपली सुटली आणि आतून पू आला. टिपूस नव्हे, ओघळ. थेट टिंगीच्या अंगठ्यावर. नऊ वर्षांची पोर, अंगात वाढदिवसाचा नवा फ्रॉक. ती ओरडली नाही. फ्रॉकला अंगठा पुसला आणि म्हणाली, "खूप दुखत असेल ना त्याला?"

तुझी भेट ही अशी पोचली.

काल अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही दोघी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाई उंच, केस अगदी बारीक कापलेले, बोलणं मोजकं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्यांनी खपल्या भिजवल्या, घाई न करता, पाच-पाच मिनिटं. मग पापण्या बोटांनी हलकेच वेगळ्या केल्या. मी भिंतीवरच्या मांजरांच्या तक्त्याकडे बघत उभी होते.

"वय किती?"

"सहा आठवडे." खोक्यावर तुझ्याच अक्षरात लिहिलं होतं ना.

त्यांनी करंगळी त्याच्या हिरडीवरून फिरवली. "दात कुठे आहेत मग? एक सुळा आत्ता कुठे वर येतोय. तीन आठवडे, फार तर. याला आईजवळून काढलं कुणी?"

मी खोक्यावरचं तुझं अक्षर हाताने झाकलं.

त्या म्हणाल्या, "बघा, असे डोळे व्हायला कारणं भरपूर असतात. पापणी आत वळलेली असली की केस बुबुळाला घासत राहतात. भावंडाचं नख लागलेलं असू शकतं. कुत्र्यांचा तो तापाचा मोठा आजारही सुरुवातीला असाच दिसतो. कधी डोळाच जन्मापासून अपुरा असतो. कधी पापण्या उघडण्याआधीच आत घाण शिरते आणि बंद डोळ्यात पू साठत जातो. आणि काही महाभाग पिल्लू मोठं दिसावं म्हणून बंद पापण्या बोटांनी ओढून उघडतात. मी कुठून सुरुवात करू? हे कुठून आलं ते कळलं तर निम्मी कारणं इथेच गळतील."

"रस्त्यावर सापडलं," मी म्हटलं.

टिंगीने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं, बुटांच्या खोक्याकडेसुद्धा पाहिलं, आणि केसपेपरवर तसं लिहिलं.

तुला वाचवण्यासाठी खोटं बोलले असं समजू नकोस. पिल्लं विकण्याचा हा माझ्या सख्ख्या भावाचा धंदा आहे, हे त्या बाईंसमोर तोंडातून निघेना. मला माझीच लाज वाटली.

तेव्हा आता मला खरं कळव. हा जन्मला कधी? आईला लशी दिल्या होत्यास का? याच्याबरोबर किती पिल्लं झाली आणि त्यांचे डोळे कसे आहेत? आणि याचे डोळे आपणहून उघडले, की तू बोटं घातलीस?

टिंगीने नाव ठेवलंय बोळा. कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो म्हणे. मला तर तो वापरून टाकलेल्या बोळ्यासारखा दिसतो.

ताई

७ मार्च

गुंड्या,

तुझं उत्तर टेम्पोवाल्याच्या तोंडून मिळालं. "नको असेल तर परत द्या, दुसरं चांगलं देतो म्हणाले."

दुसरं चांगलं देतो. टिंगी दारातच होती. तिने पिल्लू फ्रॉकखाली लपवलं आणि मोरीत जाऊन आतून कडी लावली. टेम्पोवाला गेला तरी बाहेर येईना. दुसरं चांगलं देतो! अरे, शिवायला दिलेल्या सदऱ्याची बाही बिघडली तर शिंपी असं बोलतो. मला शिसारी आली तुझी. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. राग आला असता तर बरं झालं असतं, राग उतरतो.

चार दिवसांचं सांगते. दर दोन तासांनी डोळे पुसायचे, एकदा वापरलेला कापूस पुन्हा वापरायचा नाही, या डोळ्याचा त्या डोळ्याला लावायचा नाही. मग मलम. मग बाटलीने दूध, डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या पुडीतलं, कारण एवढ्या पिल्लाला आपलं दूध पचत नाही. टिंगीचे बाबा गाडी घेऊन गेलेत ते वीस तारखेलाच येतील. शेजारच्या शिंपीणबाई मी कामावर असताना बघतात. त्यांना दमा आहे, तरी बघतात. कापसावर जे येतं त्याचा रंग रोज बदलतो. पहिल्या दिवशी हिरवा, मग पिवळा, काल त्यात रक्ताचा धागा. डाग ओळखण्यात माझी हयात गेली, पण कधी एखाद्या डागाची वाट बघत बसले नव्हते. आता बसते, उद्या कोणता असेल म्हणून.

रक्त दिसलं म्हणून काल पुन्हा नेलं. बाईंनी कागदाची एक केशरी पट्टी डोळ्यात टेकवली आणि निळा दिवा धरला. उजव्या डोळ्यात काही नाही. डाव्या बुबुळावर खालच्या अंगाला हिरवागार चकाकणारा ठिपका, मसुराएवढा. "तेवढी कातडी गेलीय," त्या म्हणाल्या. "बुबुळाला भोक पडलं तर डोळा हातचा गेला. अजून पडलेलं नाही."

मग त्या एकेक कारण बाजूला काढायला लागल्या, अगदी मी चादरी निवडते तशा. पापण्या सरळ आहेत, केस आत वळलेले नाहीत. डोळे आकाराने नीट आहेत, म्हणजे जन्माचा दोष नाही. नाक कोरडं आहे, ताप नाही, तेव्हा तो मोठा आजार बहुधा नाही, तरी लक्ष ठेवा. नखाचा ओरखडा एका डोळ्याला असतो, इथे दोन्ही डोळे पिकलेत. पापण्या ओढल्याच्या खुणा म्हणाव्या तर कडा फाटलेल्या नाहीत. तेवढं एक पाप तुझ्या नावावर नाही.

मग त्यांनी बोळ्याला उताणं केलं. पोटावरची केस नसलेली जागा लालबुंद होती आणि तिथली साल सुटत होती. मला वाटलं होतं की ते मुताने झालंय. बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"हे रस्त्यावर सापडलं नाही," त्या म्हणाल्या. "हो ना?"

मी सांगितलं. भाऊ आहे, धाकटा, कुत्री पाळतो आणि पिल्लं विकतो. त्यांनी मान वर केली नाही, फक्त विचारलं, "तिथली जमीन कशाने धुतात?"

"विचारून सांगते," मी म्हटलं.

घरी आले. हात धुतले, जेवले नाही. तुला विचारून काही उपयोग नाही हे तुझ्या निरोपावरून कळलंच आहे. तेव्हा मीच येऊन बघणार आहे. पत्र मिळायच्या आत येऊन गेलेली असेन.

ताई

१० मार्च

गुंड्या,

काल तू बाजारात गेला होतास तेव्हा मी आले. तुझ्या बायकोवर ओरडू नकोस. तिने दार उघडलं नसतं तर मी भिंतीवरून आले असते.

ती ओढणी नाकावर बांधून उभी होती. "ताई, आत येऊ नका, तुम्हाला त्रास होईल," म्हणाली. तिचेच डोळे लाल. मी म्हटलं, "तुझे कशाने झाले?" तर म्हणाली, "सवय होते हो."

आपली आई परसात जिथे धुणं धुवायची तीच ती जागा. पत्रा तोच, दगड तोच. त्यावर तू पिंजऱ्यांवर पिंजरे चढवलेस. तळाला जाळी. वरच्यांचं सगळं खालच्यांच्या अंगावर. अकरा कुत्री मोजली. तळाच्या पिंजऱ्यात बोळ्याची आई. तिच्या पाठीवरच्या केसांचं जे झालं होतं त्याला केस म्हणता येणार नाही, ते एक वाळलेलं कवच होतं. तिने माझ्याकडे बघून शेपूट हलवली. इतकी घाण अंगावर घेऊन ती मला बघून खूश झाली.

बोळ्याची चार भावंडं खाली ओल्या फरशीवर सरपटत होती. तिघांचे डोळे बोळ्यासारखे. चौथं कोपऱ्यात निजलं होतं, मी बोट लावलं तर गार. तुझ्या बायकोला ठाऊक नव्हतं. तिने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, पण कुठे ठेवायचं ते तिला कळेना. ती ते हातात घेऊन उभी राहिली.

"फरशी कशाने धुतेस?" मी विचारलं.

तिने कोपऱ्यातला निळा डबा दाखवला.

"किती टाकतेस?"

"ओततेच. गिऱ्हाईक यायच्या आधी ओत म्हणतात हे. वास मारतो ना."

"पाण्यात घालून?"

"नाही, तसंच. आधी खालचं काढत नाही, वरूनच ओतते, म्हणजे एकदम सगळं निघतं."

डब्यावर लेबल नव्हतं.

इथपर्यंत लिहून मी उठले. कपडे वाळत घातले, टिंगीची वेणी घातली, बोळ्याला मलम लावलं, आणि परत बसले. डब्यावर लेबल नव्हतं हे खरं आहे, पण अर्धवट आहे. लेबल मीच सोलून काढलं होतं. आमच्या लाँड्रीचं नाव होतं त्याच्यावर.

तुला आठवत असेलच. दीड वर्षापूर्वी, आई होती तेव्हा, शेजारपाजारचे वासाची तक्रार घेऊन दारात यायला लागले. तू म्हणालास, "ताई, काहीतरी कर, नाहीतर बंद करायला लावतील." मी आमचा पडद्यांवरची बुरशी काढायचा ब्लीचचा डबा पिशवीत घालून आणला, न विचारता. चोरून म्हणायला हवं. त्यावर पट्टी चिकटवून लिहिलं, "एका बादलीला एक झाकण." ती पट्टी कधीच धुऊन गेली आहे. चिकटपट्टीचा एक पिवळा चौकोन तेवढा राहिलाय.

पिंजरे मी तेव्हाही पाहिले होते. इतके नव्हते, पण होते. मी म्हटलं नाही की कुत्र्यांना बाहेर काढ. मी म्हटलं, हे ओत, वास जाईल. आणि पुढे आई गेल्यावर, तुझ्या सासरच्या माणसांसमोर, मीच म्हणाले की या घरात श्वास घेववत नाही. तू मला दार दाखवलंस. बरोबर केलंस असं म्हणणार नाही. पण तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, आपण कसं तोंडावर बोललो म्हणून.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुतावर असं ब्लीच पडलं की जी वाफ उठते तिने माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं. आपण उभे असतो, दार उघडून बाहेर जातो. ही पिल्लं फरशीपासून दोन बोटांवर. डोळे नुकते उघडलेले, पोट जमिनीला लागलेलं. ती कुठे जाणार?" मग म्हणाल्या, "एकच कारण असं बहुतेक वेळा नसतंच. घाणीने डोळे आधीच पिकले होते, त्यावर हे."

म्हणजे घाण तुझी, आणि त्यावरचं माझं.

ताई

१६ मार्च

गुंड्या,

रविवारी तू आलास. दार लोटून आत शिरलास ते चप्पल न काढता. जे बोललास ते लिहून ठेवते आहे, नंतर दोघांपैकी कुणी फिरवू नये म्हणून.

"माझ्या मागे माझ्या घरात घुसतेस?"

"आईचं घर आहे."

"आई गेली. आता माझं आहे. आणि तू काय बघायला आलीस गं? चादरी धुणारी तू, कुत्र्यांतलं तुला काय कळतं?"

"घाण कळते."

टिंगी बोळ्याला दूध पाजत होती. तुझं लक्ष गेलं. तू एक क्षण थांबलास, ते मी पाहिलं. मग मला म्हणालास, "पत्रात लिहिलंस ना, डबा तुझा म्हणून? मग आंधळं तू केलंस. जा, सांग जाऊन सगळ्यांना. बघू किती हिंमत आहे." आणि हसलास. ते हसणं बघून मला पालीवर पाय पडल्यासारखं झालं. कारण तू बरोबर बोलत होतास, आणि ते तुला सोयीचं होतं म्हणून बोलत होतास.

तू गेल्यावर टिंगीने विचारलं, "आई, मामा म्हणाला ते खरं आहे?"

मी हो म्हटलं. तिने दुधाची बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, "तुला माहीत नव्हतं ना?" मी म्हटलं, "अर्धं माहीत होतं." तिने बोळ्याला उचललं आणि आतल्या खोलीत गेली. रात्रीचं जेवण तिने शिंपीणबाईंकडे केलं.

सोमवारी सकाळी मी आधी सुपरवायझरकडे गेले. दीड वर्षापूर्वी एक डबा नेला होता, म्हटलं. ते हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाले, "डबा ना? गळला असेल." मी म्हटलं, "गळला नाही, मी नेला." तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "सोळा वर्षांत तुझ्या हातून एक रुमाल हरवला नाही. मी विचारलं तरी होतं का तुला? आता कानावर घातलंस तर मला वर सांगावं लागेल." मी म्हटलं, सांगा. आठ दिवस घरी बसायला सांगितलंय. पुढचं वरचे ठरवतील.

तिथून नगरपालिकेत. प्राण्यांच्या तक्रारींची खिडकी जिन्याखाली आहे, कुणी जात नसावं, कारकुनाने माझ्यासाठी खुर्चीवरचा आपला जेवणाचा डबा उचलला. तक्रार कुणाविरुद्ध, म्हणाला. मी तुझं नाव सांगितलं, नातं सांगितलं. मग म्हटलं, "दुसरं नाव माझं लिहा." त्याने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "बाई, स्वतःविरुद्ध लिहायला यात रकाना नाही." शेवटी त्याने समासात लिहिलं, आडवं, बारीक अक्षरात. डॉक्टरीणबाईंचं पत्रही जोडलं आहे.

निरीक्षक कधी येतील ते मला सांगितलेलं नाही, आणि माहीत असतं तरी मी तुला सांगितलं नसतं. तू कुत्री रातोरात दुसरीकडे हलवली असतीस. तेवढा मी तुला ओळखते.

तू हे पत्र फाडशील. फाड. पण त्याआधी एकदा त्या आईच्या पिंजऱ्याशी जाऊन खाली बस, तिच्या उंचीला, आणि पाच मिनिटं श्वास घेऊन बघ.

ताई

२ एप्रिल

गुंड्या,

तक्रार मागे घे असं तू चिठ्ठीत लिहिलंस. मागे घेणार नाही. तेवढं आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

सोमवारी नगरपालिकेच्या माणसांनी डबा ओळखायला मला तुझ्याकडे बोलावलं होतं. तू म्हणशील, मी तिथेच होतो, मला काय सांगतेस. पण तू पूर्णवेळ भिंतीकडे तोंड करून उभा होतास. त्यांनी एकेक पिंजरा उचलून बाहेर उन्हात ठेवला. कुत्री उन्हात डोळे मिटून बसून राहिली, भुंकलीसुद्धा नाहीत. तळाचा पिंजरा निघेना. दोन माणसांनी हिसका दिला तेव्हा तो एकदाचा सुटला आणि त्याच्याखाली जे होतं ते सगळ्यांना दिसलं. दोन वर्षांचा थर. त्यात काहीतरी वळवळत होतं. निरीक्षक मागे सरकला. तू वळून बघितलंस, आणि दगडाजवळच्या गटारावर वाकून ओकलास.

मला कळायच्या आत माझा हात तुझ्या कपाळावर होता. ओकणाऱ्या माणसाचं कपाळ धरायचं, एवढंच हाताला माहीत. तुझ्या घामाची, वासाची किळस येत होती आणि हात निघत नव्हता. तू ओकत होतास तोवर धरला. मग काढला आणि तुझ्या बायकोने दिलेल्या पाण्याने धुतला, तुझ्या देखत.

तोंड पुसत तू विचारलंस, "दिसतं का त्याला?"

मी उत्तर न देता निघाले. महिनाभर तू हे विचारलं नव्हतंस, आणि तिथे चार माणसांत मला सांगावंसं वाटलं नाही. आता सांगते.

डाव्या डोळ्याला भोक पडलं नाही, जखम भरली. पण मधोमध पांढरा डाग राहिलाय, दुधाच्या सायीसारखा. त्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, बाकी नाही, आणि पुढेही कळणार नाही असं बाई म्हणतात. उजवा स्वच्छ झाला. उजव्याने तो टिंगीला ओळखतो, वाटी ओळखतो, माझी चप्पल तर चांगलीच ओळखतो. डावीकडून कुणी आलं की दचकतो. आता तोंडभर दात आहेत आणि सगळे धारदार.

त्याची तीन भावंडं आणि आई निवाऱ्यात आहेत. एका पिल्लाचे दोन्ही डोळे गेले. हे तुला कुणी कळवलं नसेल म्हणून लिहिते.

मला कामावर परत घेतलं, पण निवडायच्या टेबलावर नाही. आता धुण्याच्या हॉलमध्ये, सकाळी सहाची पाळी. ब्लीच मापून देणं माझ्याकडे नाही, ते दुसरी देते. मी तिच्याकडे मागायला जाते. पहिल्या दिवशी मान खाली गेली, आता जात नाही.

एक गोष्ट मी दहा तारखेच्या पत्रात लिहिली नव्हती. फरशीचं सगळं सांगून झाल्यावर तुझी बायको म्हणाली होती, "ताई, हे पिल्लू मरायला टेकलं होतं. टेम्पोवाला म्हणाला, वाटेत टाकून देतो. तर हे म्हणाले, ताईकडे पाठव. ती शिव्या घालेल, पण मरू देणार नाही." मी ते ऐकलं आणि तुला लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुझ्यावर थुंकणं अवघड झालं असतं. तेव्हा मला ते सोपं हवं होतं.

म्हणून मी तुला माफ केलं असं नाही. तू त्याला माझ्याकडे पाठवलंस आणि बाकीच्या चार जणांना त्याच फरशीवर ठेवलंस. हे कुठल्या ढिगात टाकायचं ते मला अजून कळलेलं नाही. टिंगीलाही माझं काय करायचं ते अजून ठरवता आलेलं नाही. बोलते, पण पूर्वीसारखी अंगावर येऊन पडत नाही.

उजवा डोळा असाच राहावा म्हणून त्यात अजून दीड महिना थेंब घालायचे आहेत, दिवसातून चार वेळा. दुपारचे, संध्याकाळचे आणि झोपायच्या आधीचे आम्ही घालतो. सकाळी आठचे राहतात. मी कामावर असते, टिंगी शाळेत, तिचे बाबा पुन्हा गाडी घेऊन गेलेत, आणि शिंपीणबाईंचा दमा वाढलाय, त्यांना वाकवत नाही. परवा आणि काल आठचे थेंब चुकले.

पाठीमागून जाऊ नकोस, त्याच्या उजव्या बाजूने जा. आधी हाक मार. थेंब पापणीच्या आतल्या कोपऱ्यात, बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. चावेल, तर चावू दे.

किल्ली शिंपीणबाईंकडे ठेवली आहे. तुझं नाव सांगितलंय.

ताई